‘हिचकॉक’ येतोय: ‘सायको’च्या जन्मकथेची वाट बघावी की धास्ती घ्यावी? (वाचकांची चर्चा, ऑक्टोबर २०१२)

कृष्णधवल

येत्या २३ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकेत ‘हिचकॉक’ लागतोय. नावावरून वाटतो तसा हा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा चरित्रपट नाही. १९५९-६० मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ हा थरारपट कसा बनला, एवढीच गोष्ट. अँथनी हॉपकिन्स हिचकॉक झालाय, हेलन मिरन त्याची बायको अल्मा, स्कार्लेट जोहान्सन ‘सायको’ची नटी जॅनेट ली. आधार स्टीफन रेबेलोच्या १९९० च्या पुस्तकाचा. दिग्दर्शक साशा जर्वासी. त्याचा ‘अ‍ॅनव्हिल’ हा माहितीपट ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल की जिद्दीनं झपाटलेली माणसं त्याला फार चांगली दिसतात.

(ज्यांनी ‘सायको’ पाहिलेला नाही त्यांनी आधी तो बघावा, मग इथे यावं. शेवट कुणी फोडू नये ही विनंती. शॉवर सीनबद्दल, म्हणजे न्हाणीघरातल्या त्या खुनाबद्दल, मात्र बोलावंच लागेल.)

मी मनापासून वाट बघतोय, कारण ही गोष्ट मुळातच जबरदस्त आहे. हिचकॉकचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ नुकताच धो धो चाललेला. रंगीत, केरी ग्रांट, चाळीस लाख डॉलरच्या वर खर्च. त्यानंतर साठीला आलेला हा माणूस म्हणतो, मला रस्त्यावरच्या मोटेलमधल्या खुनाचा एक कमी खर्चातला कृष्णधवल पिक्चर करायचाय. पॅरामाउंट स्टुडिओला कथा किळसवाणी वाटली, पैसे द्यायला नकार. मग त्यानं आपली अडीच लाख डॉलरची फी बाजूला ठेवली, बदल्यात चित्रपटाची ६० टक्के मालकी घेतली, स्वतःच्या टीव्ही मालिकेचं युनिट उचललं आणि सुमारे आठ लाखांत चित्रपट पुरा केला. कॅमेरामन जॉन रसेल टीव्हीवरचाच. शूटिंग युनिव्हर्सलच्या आवारात, पॅरामाउंटकडे फक्त वितरण. यश हातात असताना असा जुगार खेळायला काय छाती लागते!

पण माझी खरी उत्सुकता अल्माबद्दल आहे. दोघांच्या वयात एका दिवसाचं अंतर, तो १३ ऑगस्ट १८९९ चा, ती १४ ची. सिनेमाच्या धंद्यात मात्र ती त्याच्या आधी आली. इंग्लंडमध्ये मूकपटांचं संकलन ती करत होती तेव्हा हा अजून टायटल कार्डं (पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या) रंगवण्यापर्यंतही पोचला नव्हता. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं जीवनगौरव दिला तेव्हा हिचकॉक म्हणाला की मला फक्त चार माणसांची नावं घ्यायचीत: एक संकलक, एक पटकथालेखिका, माझ्या मुलीची आई आणि घरच्या स्वयंपाकघरात चमत्कार करणारी एक सुगरण. चौघींचं नाव एकच, अल्मा रेव्हिल.

‘सायको’च्या श्रेयनामावलीत हे नाव कुठेच नाही. हेलन मिरनसारखी नटी त्या भूमिकेत असताना मी का वाट बघू नये? ज्यांना वाटत नाही त्यांनीही लिहा, फक्त कारण द्या.

गोदाकाठ

मला वाट बघावीशी वाटत नाही. कारण देतो.

कलाकारांच्या यादीत डॅनी ह्यूस्टनचं नाव बघा. तो व्हिटफिल्ड कुक हा लेखक साकारतोय. कुक हिचकॉकबरोबर होता ‘स्टेज फ्राइट’ आणि ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’च्या वेळी, म्हणजे १९५०-५१ मध्ये. ‘सायको’शी त्याचा काहीएक संबंध नाही. मग १९५९ च्या गोष्टीत तो कशाला? अल्मा, परका लेखक आणि घरात धुसफुसणारा नवरा, असा त्रिकोण उभा करायला, दुसरं काय! म्हणजे ‘सायको’ कसा बनला याऐवजी ‘सायको’ बनत असताना हिचकॉकच्या घरात काय बिनसलं होतं, हे आपण बघणार. तेसुद्धा बहुतेक कल्पनेतलं.

रेबेलोच्या पुस्तकात नवराबायकोचं भांडण हा विषयच नाही. तिथे कामाची माहिती खच्चून भरली आहे. ‘सायको’च्या मूळ कादंबरीचे हक्क घेणाऱ्याचं नाव लपवून ९००० डॉलरला कसे घेतले, सेन्सॉरशी कशी घासाघीस झाली, चाकू मांसात घुसण्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळातून कसा काढला. ते पुस्तक विकत घेऊन त्यातून संसाराची गोष्ट काढायची, हे मला पटत नाही.

दुसरी धास्ती याहून मोठी आहे. माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. जुलैत तिला ‘सायको’ दाखवला. तिला काहीच माहीत नव्हतं, शॉवर सीनसुद्धा नाही. चाळीस हजार डॉलर घेऊन पळालेली बाई, पोलिसाचा काळा गॉगल, गाडी बदलणं, पाऊस, यात ती पूर्ण गुंतली होती. आणि मग ती बाई पिक्चरच्या पहिल्या अर्ध्यातच मेली. भाची थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मामा, आता हा पिक्चर कुणाचा?” १९६० मध्ये प्रेक्षकांनी जे अनुभवलं असेल ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

हा धक्का जपण्यासाठी त्या माणसानं काय नाही केलं! बाजारातल्या कादंबरीच्या प्रती उचलायला लावल्या. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा थिएटरवाल्यांना दंडक घातला, आणि त्या काळी अमेरिकेत लोक पिक्चरला वाटेल तेव्हा येऊन बसायचे. आता त्याच्याच नावाचा सिनेमा पन्नास वर्षांनी तो धक्का सगळ्यांसमोर उलगडून ठेवणार. विशीतली मुलं स्कार्लेट जोहान्सनसाठी आधी ‘हिचकॉक’ बघतील आणि मग ‘सायको’. त्यांचा अनुभव कायमचा गेला.

सांजसावली

गोदाकाठ, शॉवर सीन माहीत नसलेली तुमची भाची हजारात एक. तो धक्का ‘हिचकॉक’ घालवणार नाही, तो केव्हाच गेलाय. १९९८ मध्ये गस व्हॅन सँटनं ‘सायको’ जवळजवळ शॉट टू शॉट पुन्हा काढला तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं. मूळ पिक्चर तरीही आजसुद्धा अंगावर येतो.

संकलक

मी संकलनाच्या टेबलावर पोट भरतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. कृष्णधवल यांच्या उत्साहात मी सामील आहे, पण माझी अट वेगळी आहे.

अल्माची जी गोष्ट सगळे सांगतात ती अशी. पिक्चर कापून तयार झाला, बाहेर जायच्या बेतात होता. जवळच्या लोकांनी अनेकदा पाहिला होता. अल्मानं पाहिला आणि म्हणाली, हा असा पाठवता येणार नाही, जॅनेट ली मेल्यावर घोट गिळतेय. कुणालाच दिसलं नव्हतं. तिला दिसलं.

आता तो भाग घरी लावून बघा. पाणी मोरीच्या जाळीत गोल फिरत चाललंय, त्यावर जॅनेट लीचा उघडा डोळा विरघळत येतो, कॅमेरा गिरकी घेत मागे सरकतो, गालावर थेंब आहेत. आणि मग अचानक शॉवरच्या तोटीचा एक शॉट येतो. त्यानंतर पुन्हा चेहरा आणि तिथून कॅमेरा खोलीत जातो. हा मधला तोटीचा शॉट ती चूक झाकायला घातला असं सांगतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय निर्विकारपणा, बाई मेली तरी पाणी चालूच आहे! आमच्या धंद्यात हे रोज घडतं. चूक झाकायला घातलेला तुकडा पुढे पिक्चरचा अर्थ होऊन बसतो.

हे पडद्यावर बघायला मिळालं तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण त्या टेबलावर आणखी एक माणूस बसायचा, जॉर्ज टोमासिनी. ‘रिअर विंडो’, ‘व्हर्टिगो’, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, ‘सायको’, ‘द बर्ड्स’, सगळे त्यानं कापलेले. शॉवर सीनचं सात दिवस शूटिंग, सत्तरच्या वर कॅमेऱ्याच्या जागा, आणि पडद्यावर ४५ सेकंद. ते तुकडे हातात घेऊन जोडणारा माणूस तो. या सिनेमाच्या बातम्यांत त्याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. आतापर्यंत सगळं श्रेय एकट्या हिचकॉकचं होतं, आता ते हिचकॉक आणि मिसेस हिचकॉकचं होणार. टोमासिनी तिथेच, अंधारात. अन्याय दूर केल्यासारखा दिसतो, पण दुसऱ्या माणसांवर तसाच राहतो.

कृष्णधवल

संकलक, हा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण दोन तासांत किती माणसं मावतील? पटकथाकार जोसेफ स्टेफानो आहे (राल्फ माचिओ), सॉल बास आहे, हिचकॉकची सहायक पेगी रॉबर्टसन आहे (टोनी कोलेट). यादी तशी बरी भरलीय.

गोदाकाठ

सॉल बासचा विषय काढलातच तर सांगा, कुठली बाजू दाखवणार? बासनं स्टोरीबोर्ड (शॉट कसे असतील याची आधी काढलेली चित्रं) काढले, टायटल्स केली, आणि पुढे शॉवर सीन मीच दिग्दर्शित केला असा दावाही केला. जॅनेट लीनं ठामपणे सांगितलं की एकेका शॉटला हिचकॉक स्वतः उभा होता. हा वाद खरा नाट्यमय आहे! सेटवर असलेली माणसं एकमेकांच्या विरुद्ध सांगतात. यावर पिक्चर काढा ना. त्यासाठी कुठल्या व्हिटफिल्ड कुकची गरज नाही.

तिसरी घंटा

नाटकाच्या पार्श्वसंगीतात आयुष्य गेलं, त्यामुळे मी ‘सायको’चा संगीतकार हर्मन याच्यावर बोलणार.

हिचकॉकचं म्हणणं होतं, शॉवर सीनला संगीत नको. फक्त पाणी, चाकू, किंकाळी. बर्नार्ड हर्मननं ऐकलं नाही. पैसे कमी, म्हणून त्यानं पूर्ण वाद्यवृंद सोडून फक्त तंतुवाद्यं घेतली. व्हायोलिनची ती चिरकणारी सुरावट लिहून ठेवली आणि ऐकवली. हर्मननं नंतर मुलाखतीत सांगितलंय की हिचकॉक तेव्हा पिक्चरबद्दल इतका खचला होता की कापून तासाभराचा करून टीव्हीवर दाखवावा असं त्याच्या मनात होतं. संगीत ऐकल्यावर मत फिरलं. पुढे हिचकॉक स्वतः म्हणायचा, ‘सायको’च्या परिणामातला ३३ टक्के वाटा संगीताचा आहे. आपला हिशेब इतका उघड मांडणारा दिग्दर्शक मी दुसरा पाहिला नाही.

मला भीती ही, की अल्माला मोठं करायच्या नादात हा प्रसंग तिच्या पदरात टाकतील. ‘अगं, संगीत घालून बघू या का?’ असं काहीतरी घरच्या दिवाणखान्यात घडवतील. तसं झालं तर मला तो पिक्चर सहन होणार नाही. अल्माला मोठं करायला दुसऱ्याचं काम तिला देण्याची गरज नाही, तिचं स्वतःचं पुरेसं आहे.

आपल्याकडे हे किती नीट केलंय ते आठवा. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. तोही एक पिक्चर कसा बनला यावरचाच पिक्चर. त्यात विभावरी देशपांडेंची सरस्वतीबाई फाळक्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे. सरस्वतीबाईंनी प्रत्यक्षात कच्च्या फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली, युनिटला जेवू घातलं. एवढं खरं दाखवलं तरी बाई पडदाभर होते. त्यासाठी फाळक्यांच्या घरात परका पुरुष आणावा लागला नाही.

सांजसावली

तिसरी घंटा यांना +१. ‘राजा हरिश्चंद्र’ला येत्या ३ मेला शंभर वर्षं होतील. गिरगावातल्या कोरोनेशनपासूनचा हा प्रवास, आणि आपल्याकडे पिक्चर घडण्यावर असा एखादाच पिक्चर निघतो. हॉलिवुडवाले तरी काढतायत. ‘नोस्फेराटू’ या जुन्या मूकपटाच्या शूटिंगवर ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ काढला, एड वुडसारख्या फसलेल्या दिग्दर्शकावर काढला. मला वाटतं, आधी येऊ तर द्या.

उत्तररात्र

सगळे संगीत आणि कटबद्दल बोलताहात, मला वेगळं बोलायचंय.

याच महिन्यात एचबीओवर ‘द गर्ल’ हा पिक्चर आलाय. टोबी जोन्स हिचकॉक, सिएना मिलर त्याची नायिका टिपी हेड्रन. ‘द बर्ड्स’ आणि ‘मार्नी’च्या वेळची गोष्ट. ‘द बर्ड्स’मधल्या माळ्यावरच्या पक्ष्यांच्या हल्ल्याच्या प्रसंगात यांत्रिक पक्षी वापरू असं सांगून प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले. हिचकॉकनं आपला छळ केला आणि नकार दिल्यावर करिअर संपवलं, असं हेड्रन स्वतः सांगतात. आज त्या हयात आहेत, उघडपणे बोलतायत.

आणि आपण दुसरीकडे त्याच माणसाच्या खडूसपणाला लाडिक चेहरा देणाऱ्या पिक्चरची वाट बघणार? ‘हिचकॉक’चा ट्रेलर बघा. तो मिश्कील आहे, गोड आहे. जाडजूड म्हातारा, गमतीशीर आवाज, मागे शहाणी बायको. मला हे खटकतं. व्हेरा माइल्सलाच घ्या (‘हिचकॉक’मध्ये जेसिका बील). हिचकॉक तिला मोठी तारका करणार होता. ‘व्हर्टिगो’ तिच्यासाठी होता. ती गरोदर राहिली, भूमिका गेली. ‘सायको’त तिला बहिणीचं काम मिळालं, ज्यात करण्यासारखं फारसं काही नाही. त्याच्या मर्जीतून उतरलेल्या बाईचं काय होतं ते ‘सायको’च्या सेटवरच दिसत होतं. हे जर्वासी दाखवणार असेल तर मी माझं मत बदलेन. ट्रेलरवरून तरी तसं वाटत नाही.

कृष्णधवल

उत्तररात्र, तुमच्या रागाला आधार आहे आणि मी तो झटकणार नाही. हेड्रन यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. पण जॅनेट लीनं ‘सायको’वर १९९५ मध्ये स्वतः पुस्तक लिहिलं, आणि हिचकॉकनं आपल्याला नेहमी आदरानं वागवलं असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. एकाच माणसाबद्दलच्या या दोन साक्षी. एकीवर विश्वास ठेवायचा म्हणून दुसरी पुसून टाकायची, हे मला जमत नाही. ‘सायको’वरचा पिक्चर लीच्या साक्षीवर उभा राहिला तर तो खोटा ठरत नाही.

उत्तररात्र

खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो. लीला चांगलं वागवलं म्हणून हेड्रनचा हिशेब फिटत नाही. आणि अपुरा पिक्चर लाखो लोक बघतात तेव्हा तोच इतिहास होतो. मी थिएटरात जाणार नाही.

वैशाखवणवा

‘सायको’तला मोटेलवाला नॉर्मन, म्हणजे अँथनी पर्किन्स, याच्याबद्दल कुणीच कसं बोलत नाही? जेम्स डार्सी ही भूमिका करतोय आणि ट्रेलरमध्ये सेकंदभर दिसला तरी मान कलती ठेवून हसण्याची ती लकब बरोब्बर पकडलीय. पर्किन्स गेला त्याला गेल्याच महिन्यात वीस वर्षं झाली. या एका भूमिकेनं त्याला अजरामर केलं आणि याच भूमिकेनं त्याच्या पुढच्या सगळ्या वाटा अडवल्या. लोकांना तो नॉर्मन म्हणूनच हवा होता. शॉवर सीनच्या शूटिंगला तर तो कॅलिफोर्नियातही नव्हता, न्यूयॉर्कमध्ये एका संगीतिकेच्या तालमी करत होता. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या खुनासाठी जन्मभर ओळखला गेलेला नट त्या दिवशी सेटवर नाही! मला नवराबायकोपेक्षा या माणसाची गोष्ट बघायला जास्त आवडली असती.

अनामिक वाचक

हॉपकिन्सच्या मेकअपवर बोला कुणीतरी. गालाखालची ती पिशवी मला अजिबात खरी वाटत नाही. मुळात हिचकॉक स्वतः इतका ओळखीचा. ‘सायको’च्या मूळ ट्रेलरमध्ये सहाएक मिनिटं तोच मोटेलमधून फिरवतो, एकेक खोली दाखवतो. शेवटी शॉवरचा पडदा सर्रकन ओढतो आणि किंचाळणारी बाई दिसते, तीसुद्धा जॅनेट ली नाहीच, विग घातलेली व्हेरा माइल्स. इतका खुबीचा माणूस डोळ्यांसमोर असताना नक्कल कशाला बघायची?

कृष्णधवल

मेकअप मलाही जड वाटतोय. पण हॉपकिन्स डोळ्यांनी काम करणारा नट आहे, डोळ्यांवर रबर नाही.

गोदाकाठ, तुमच्या भाचीचा मुद्दा मात्र मनात राहिलाय. विशीतल्या पोरांना आधी ‘सायको’ दाखवा, मग ‘हिचकॉक’ला न्या, हे मी माझ्या ओळखीत सगळ्यांना सांगणार आहे. ऑगस्टमध्येच ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटाच्या मतदानात ‘व्हर्टिगो’नं ‘सिटिझन केन’ला मागे टाकलं. नवी मुलं हिचकॉककडे वळतायत, ती योग्य दारातून आत यावीत.

गोदाकाठ

तेवढं झालं तरी पुष्कळ. माझं बाकीचं मत कायम.

वैशाखवणवा

संकलक, एक विचारायचं होतं. ‘सायको’ला ऑस्कर नव्हतंच ना कुठलं? टोमासिनी, हर्मन, कुणालाच?

संकलक

एकही नाही. नामांकनं चार होती: दिग्दर्शन, साहाय्यक अभिनेत्री जॅनेट ली, कृष्णधवल छायाचित्रण, कृष्णधवल कलादिग्दर्शन. संकलन आणि संगीत या दोन विभागांत नामांकनसुद्धा नाही. त्याआधीच्या वर्षी ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’साठी टोमासिनीला नामांकन होतं, ‘सायको’साठी नाही. १९६४ मध्ये तो गेला, वय पंचावन्न. हिचकॉकला स्वतःलाही दिग्दर्शनाचं ऑस्कर कधी मिळालं नाही, पण त्याची निदान चर्चा होते, त्याच्यावर पिक्चर निघतो. जर्वासीनं टोमासिनीचा हात एका शॉटपुरता जरी दाखवला, कात्री आणि फिल्मची पट्टी धरलेला, तरी मी त्याला बाकी सगळं माफ करेन. व्हिटफिल्ड कुकसकट.